चार्ज दिल्याशिवाय

माणूस येताना विचारून येत नाही आणि जाताना सांगून जात नाही, असं सगळं जग मानून चाललेलं आहे. आमच्या कंपनीतल्या सुभेदारांना यातला पहिला भाग मान्य होता. दुसरा शेवटपर्यंत नव्हता. चार्ज दिल्याशिवाय कुणालाही कुठूनही हलता येत नाही, मग ती नोकरी असो, एसटीतली सीट असो, नाहीतर हे जग असो, असा त्यांचा सिद्धांत होता. आपल्या ताब्यात जे जे आहे ते पुढच्याला एकेक करून दाखवायचं, त्याचे गुण सांगायचे, खोड्या तर आवर्जून सांगायच्या, आणि पुढचा माणूस ‘घेतला’ म्हणाला की मगच पाठ वळवायची. पलटणीत असताना ते हे बंदुका, तंबू आणि खेचरांच्या बाबतीत करत आले, आणि पेन्शन घेऊन साताऱ्याला आल्यावर उरलेल्या सगळ्या सृष्टीच्या बाबतीत करू लागले.

सुभेदार हा त्यांचा हुद्दा, नाव नव्हे. पण त्यांचं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे वापरात नव्हतं. नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा वजनकाट्यांचा कारखाना होता. किराणा दुकानातल्या टेबलावरच्या काट्यापासून हळदीची पोती आणि गुळाच्या ढेपा मोजणाऱ्या मोठ्या काट्यापर्यंत सगळं आम्ही बनवायचो. सुभेदार तिथे मॅनेजर नव्हते, कारकून नव्हते, वॉचमन तर नव्हतेच. मालकांनी त्यांना ‘ऑफिसवर जरा लक्ष ठेवा’ म्हणून घेतलं होतं आणि कशावर ते सांगायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ते सगळ्यावरच लक्ष ठेवत. दारातून आत येताना वाकावं लागेल अशी उंची, पॅंटची इस्त्री अशी की कडेनं कागद कापावा, आणि बुटांना पॉलिश असं की समोरच्यानं वाकून आपला भांग नीट करून घ्यावा. दुपारी जेवायला उठले तरी शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंना चार्ज देऊन उठत. “पंखा एक. तीनवर चालतो, पाचवर ठेवला तर कागद उडवतो. टेलिफोन एक. उचलल्यावर आधी खरखर ऐकायची, मग बोलायचं. खिडकी एक, कडी ढिली. घेतला?” बाई आकडेमोडीतून मान वर न करता ‘घेतला’ म्हणत, तेव्हा कुठे ते डब्याची कडी उघडत. बाई रजेवर असल्या की सुभेदार उपाशी राहतात, अशी ऑफिसात वदंता होती. ती खोटी असावी. पण खोटी आहे असं छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही.

त्यांचं गाव पाटणच्या वाटेवर, उंब्रजला उतरून आत. आठवडाभर साताऱ्याला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. एकदा माझ्याही घरी जायची वाट तीच म्हणून मी त्याच गाडीत होते. उंब्रजला गाडी थांबली, सुभेदार उठले, आणि उतरायच्या ऐवजी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या एका पैलवान गड्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ गड्या. शीट एक. मधला खिळा वर आलाय, डाव्या अंगाला बस. खिडकी जाम हाय. जोर लावशील तर हातात येईल. हे शेजारचं म्हातारं मल्हारपेठला उतरणार हाय, झोप लागली तर उठीव. घेतला?” पैलवान एवढा मोठा, पण घाबरून ‘घेतला’ म्हणाला. मागून कंडक्टर ओरडला, “आवं सुभेदार, गाडीचा बी चार्ज देताय का? म्हंजी मी बी उतरतो!” सगळी गाडी हसली. सुभेदार हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी खिडकीतून परत एकदा म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. मी पुढे पाटणपर्यंत गेले. पैलवानानं म्हाताऱ्याला मल्हारपेठच्या बरंच आधी उठवलं आणि नंतर झोपू दिलं नाही.

घरी तर कहरच. सोमवारी पहाटे गाव सोडताना ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हशीचा चार्ज देत. जी म्हैस काकूंनी रेडकू असल्यापासून वाढवली, जिची धार काकूंशिवाय कुणी काढलेली नाही, ती म्हैस आठवड्यातून दीड दिवस घरी असणारे सुभेदार काकूंच्या हवाली करत. काकूंचं बोलणं माझ्या गावाकडचं. त्यांची जीभ सुभेदारांच्या बुटांपेक्षा चकचकीत. “म्हस मला वळखती,” त्या म्हणायच्या, “तुमास्नी बघून बुजती. तिच्याकडंच माजा चार्ज द्या आन जावा एकदाचं.” आणि मुलीच्या लग्नात, मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर सुभेदारांनी जावयाला पुढ्यात उभं करून सांगितलं, “पोरगी एक. रागावली की बोलत न्हाई. तवा समजवायला जायचं न्हाई, गप बसायचं. मग सोताच च्या ठेवती. त्यो च्या कसा का असंना, चांगला झालाय म्हणायचं. घेतला?” जावई ‘घेतला’ म्हणाला. लोक हसले. सुभेदार वळले आणि मांडवाच्या खांबाची दोरी घट्ट आहे की नाही ते बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. दोरी चांगली घट्ट होती.

आता माझं. त्या कारखान्यात मी संगणक विभाग होते. विभाग म्हणजे मी, एक संगणक, आणि छापायला लागला की भिंतीपलीकडचं बोलणं बंद पाडणारा एक प्रिंटर. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आईला सहीपुरतं अक्षर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, आणि त्या रिकाम्या कोनाड्यात पुढे वडिलांनी माझी पुस्तकं ठेवली. तेव्हा बी.एस्सी. आणि वर संगणकाचा कोर्स करून मी त्या खोलीत बसले होते ते ताठ मानेनं, आणि ताठ मान काहींना खुपायची, त्याला माझा इलाज नव्हता. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून खोलीबाहेर चपला काढायचा नियम होता. सुभेदारांना बुटांची ती लांब नाडी सोडायची आणि बांधायची म्हणजे अर्धी दुपार जायची. त्यामुळे ते आत कधी आलेच नाहीत. उंबऱ्यावर सावधानमध्ये उभे राहून हाक मारत, “कांपुटर!” ही हाक यंत्राला नसे, मला असे.

मी तिथे गिऱ्हाइकांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. गिऱ्हाइकाचं नाव, पेठ, त्याच्याकडे कुठला काटा आहे, तो कधी दुरुस्त केला, त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यायचं पासिंग कधी आहे, आणि शेवटी, कंपनीचा कोणता माणूस त्याच्याकडे जातो. फिरतीचा माणूस नोकरी सोडून गेला की त्या शेवटच्या जागेत नव्या माणसाचं नाव घालायचं असे. त्यासाठी मी एक ओळीची कमांड बसवली होती. ती दिली की पापणी लवायच्या आत अख्ख्या पेठेची गिऱ्हाइकं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात. मला त्या ओळीचा अभिमान होता, अजून आहे. पहिल्यांदा मी ती सुभेदारांना उंबऱ्यावरून दाखवली, तेव्हा त्यांनी मान लांब करून पडदा वाचला.

“नाव बदललं,” ते म्हणाले. “माणूस बदलला का?”

“कॉम्प्युटरपुरता बदलला, साहेब.”

“मग कांपुटरलाच जाऊ दे की काटा दुरुस्त कराय.”

तेव्हापासून त्यांनी नियम घातला. जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दुकानात जायचं, तिथला चहा प्यायचा, आणि जाणाऱ्यानं त्या गिऱ्हाइकाच्या खोड्या येणाऱ्याला सांगायच्या. मग येणाऱ्यानं साताऱ्याला येऊन त्या सुभेदारांना म्हणून दाखवायच्या. त्या बरोबर निघाल्या की सुभेदार उंबऱ्यावरून “घाल नाव!” म्हणत, आणि मग मी नाव घालायचं. मालक कपाळावर हात मारून घेत, पण सुभेदारांपुढे तेही बोलत नसत. खोड्यांसाठी मला प्रोग्रॅममध्ये एक वेगळा रकाना करावा लागला. सुभेदार सांगत लांबलचक आणि रकाना आखूड, त्यामुळे मी छाटून टाकत असे. ‘थोरल्या भावाला आधी नमस्कार, गल्ल्यावर धाकटा असला तरी.’ ‘मुलाच्या परीक्षेचा विषय काढू नये.’ ‘दुकानात मांजर आहे, पाय जपून.’ मला वाटतं, त्या काळात पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांकडेही गिऱ्हाइकाच्या मांजराची नोंद नसावी.

पण मला ती खोली नको होती. मला फिरती हवी होती. आमच्या घरातल्या कुणाच्या नावाचं कार्ड आजवर छापलं गेलेलं नव्हतं. फिरतीच्या माणसाला कंपनी कार्ड छापून देई. मी मालकांकडे दोनदा मागितली, दोनदा ते हसले. तिसऱ्यांदा मागायच्या आत सांगलीचा आमचा माणूस, माने, तडकाफडकी सोडून गेला. दसरा नुकताच झाला होता. सुभेदार भातकापणीसाठी महिनाभर गावी, रजेवर होते. मालकांनी मानेला ‘किल्ल्या टेबलावर ठेवा’ एवढं म्हटलं, आणि मला म्हणाले, “तुम्हाला हवी होती ना फिरती? घ्या सांगली. संक्रांतीपर्यंत बघू. हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या आत पेठ हातात राहिली तर कार्ड छापतो. नाही राहिली तर परत खोलीत, आणि मग हा विषय नाही.” मी कमांड दिली. सगळी सांगली माझ्या नावावर आली.

नुसती पडद्यावर आली. पेठेत कोण विचारतो? मी सांगलीला गेले की व्यापारी म्हणत, “माने कुठं हायत?” मी सांगे, ते सोडून गेले, आता मी. ते “बरं बरं” म्हणत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. काटा बिघडला की कंपनीला फोन न करता मानेच्या घरी निरोप धाडत, आणि माने बिचारा नोकरी सोडूनही स्कूटर काढून जात असे. संगणकात मी, पेठेत माने. दिवाळी गेली, ऑफिसात माझ्या नावावर सांगलीहून एक फोन आला नाही. वडील दर शनिवारी विचारत, “कार्ड झालं का?” आणि मी ताटात वाढून घेत असे.

सुभेदार रजेवरून आले, उंबऱ्यावर उभे राहिले, आणि पडद्यावर सांगलीपुढे माझं नाव बघून तसेच मागे फिरले. रागावले की ते बूट पुसत. त्या दिवशी त्यांनी बूट तीनदा पुसले. संध्याकाळी निघताना म्हणाले, “कांपुटर, रविवारी सांगली. तू आन मी.”

“साहेब, माने येणार नाही. तो तर सोडून गेला.”

“कसा गेला? चार्ज दिलान न्हाई. म्हंजी अजून हितंच हाय.”

रविवारी आम्ही मानेच्या दारात. माने बनियनवर स्कूटर धूत होता. आम्हाला बघून त्यानं बादली खाली ठेवली, पण या म्हणाला नाही.

“आवं सुभेदार, मी राजीनामा दिलाय. मालक म्हणालं किल्ल्या ठेवा. ठेवल्या. झालं की.”

“किल्ल्या कंपनीच्या व्हत्या. ठेवल्यास, बरं केलंस. पेठ कुठं ठेवलीस?”

“पेठ काय खिशात घालून आणली व्हय मी?”

“त्येच बघाय आलोय.” सुभेदार पायरीवर बसले. बसले म्हणजे उठणार नाहीत हे दोघांनाही कळलं. मानेच्या बायकोनं चहा आणला. माने फडक्यानं स्कूटरचा एकच चकचकीत भाग पुन्हा पुन्हा पुसत राहिला, आणि एकाएकी म्हणाला, “इतकी वर्सं ऊन-पावसात फिरलो, सुभेदार. जाताना एकानं इचारलं न्हाई, माने, कुणाकडं काय हाय, कोण कसा हाय. जसं काय मी तिथं नव्हतोच.”

“मी इचारतोय न्हवं?”

मानेनं स्कूटर पुसायची थांबवली. मग फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाला, “शर्ट घालून येतो.”

त्या दिवशी मी सांगली पहिल्यांदा पाहिली असं म्हणायला हरकत नाही. मानेनं मला दुकानं दाखवली नाहीत, माणसं दाखवली. कुठल्या पायरीवर चपला काढायच्या आणि कुठल्या पायरीवर काढल्या तर परत मिळत नाहीत इथपासून सुरुवात. चहा तर इतका झाला की शेवटी सुभेदारांनी पलटणीतल्यासारखं वाटून दिलं, या दुकानातला मानेनं प्यायचा, पुढच्यातला मी. लोक मानेला मिठी मारत होते, त्याच्या नव्या नोकरीची चौकशी करत होते, आणि तो मला पुढे करून म्हणत होता, “आता ह्या बघणार.” बरेच जण ‘बघू’ म्हणाले. पण सगळ्यांची नजर एका दुकानाकडे होती. हळदीचे एक मोठे अडते होते, सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. अण्णांच्या दारात ज्या कंपनीचा काटा, तोच पुढे गल्लीभर दिसायचा. अण्णा हो म्हणाले तर सांगली माझी, नाही म्हणाले तर मी खोलीत.

अण्णा गादीवर बसलेले, पुढ्यात हळकुंडांचे नमुने, आणि दुकानातली हवासुद्धा पिवळी. त्यांनी मानेला जवळ बसवलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सुभेदारांना विचारलं, “हंगामात दारात गाड्या उभ्या आन काटा बंद पडला, तर ह्या बाई येणार?”

“येईन,” मी म्हणाले.

“काट्यातलं काय कळतंय का?”

“फार कळत नाही, अण्णा. मिस्त्री कुठला चांगला ते कळतं. तो येईपर्यंत मी इथंच बसेन. म्हणजे शिव्या द्यायला तुमच्यासमोर कुणीतरी असेल.”

माने खुदकन हसला. अण्णा हसले नाहीत. “आडनाव काय म्हणालीस?”

मी म्हणाले नव्हते. आता सांगितलं. आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर जो गप्प होतो, ती शांतता मला शाळेपासून ओळखीची आहे. मी नजर खाली घातली नाही. तेवढ्यात शेजारी बूट वाजले. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले होते.

“अण्णा, आडनाव हाय त्यात. पर चार्ज चालू असताना मधनंच एक कलम इचारायचं न्हाई, अशी आमची पद्धत हाय. सुरवातीपासनं ऐका. बाई एक. पदवीधर, घरातली पहिली. खोटं बोलत न्हाई, त्यामुळं गोड बी बोलत न्हाई. उद्या येती म्हणाली तर उद्याच येती, परवा न्हाई. रागावली तर मान खाली घालत न्हाई. तवा ती तुमी घालायची. च्या बिनसाखरेचा. घेतला?”

पाठीवर पोतं घेतलेला हमाल तसाच थांबून ऐकत होता. अण्णा म्हणाले, “आन न्हाई घेतला तर?”

“तर माने घरी जात न्हाई. हितंच बसवून ठेवतो.”

“आवं अण्णा, घ्या की!” माने कळवळून म्हणाला. “घरात ताटं वाढून ठेवल्यात माझ्या!”

मग अण्णांचं पोट हलायला लागलं. आधी पोट हललं, मग खांदे, आणि शेवटी आवाज आला. “घेतला रं बाबा, घेतला! ह्यो माने उद्या येतो म्हणायचा आन चौथ्या दिवशी उगवायचा, ते बी कुणी सांगितलं न्हवतं मला तवा.” आणि आतल्या बाजूला ओरडले, “च्या आणा! एक बिनसाखरेचा.” सगळे कप एकाच ट्रेमधून, एकसारखे आले. मी ते बघून घेतलं. बघायची सवय आहे. ती मी लपवत नाही.

पण सुभेदार बसले नाहीत. त्यांच्या मते अर्धाच चार्ज झाला होता. “माने, आता अण्णांचा दे.” मानेनं अण्णांच्या तोंडासमोर, घाबरत घाबरत, अण्णांचा चार्ज मला दिला. “अण्णा एक. आधी न्हाई म्हणतात, मग व्हय म्हणतात. मधल्या वेळात आपण बोलायचं न्हाई. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पर कबूल करत न्हाईत.” माने डावीकडे बसला होता. अण्णा त्याच्याकडे झुकून म्हणाले, “काय म्हणालास रं?” हमाल इतका हसला की त्याच्या पाठीवरचं पोतं खाली आलं.

“घेतला,” मी म्हणाले.

परतीच्या गाडीत सुभेदार खिडकीला डोकं टेकून झोपले. साताऱ्याला पोचेपर्यंत मी त्यांना उठवलं नाही. सोमवारी उंबऱ्यावरून आवाज आला, “कांपुटर! सांगलीला कुणाचं नाव हाय?”

“माझंच आहे की, साहेब. दसऱ्यापासून.”

“काढ. आन परत घाल. आता खरं हाय.” मी माझंच नाव पुसलं आणि माझंच नाव घातलं. पडद्यावर काही बदललं नाही. पण त्याच आठवड्यात अण्णांच्या दुकानातून माझ्या नावानं पहिला फोन आला, मग शेजारच्या दुकानातून, आणि संक्रांतीला मालकांनी तिळगुळाबरोबर कार्डांचा डबा माझ्या हातात ठेवला. पहिलं कार्ड मी वडिलांसाठी ठेवलं, दुसरं सुभेदारांना दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, उलटं करून बघितलं, आणि म्हणाले, “मागं कोरं ठेवलंय. मागं खोड्या छापायच्या हुत्या.”

दोन-तीन वर्षांनी त्यांनी काम सोडलं. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं आणि बुटांची चमक हातानं चाचपून बघावी लागत होती. ऑफिसातला त्यांचा चार्ज, पंख्यापासून कडीपर्यंत, हिशेबनीस बाईंनी घेतला, आणि त्या दिवशी त्यांनी आकडेमोड बाजूला ठेवून, उभं राहून घेतला. पण खुद्द सुभेदारांचं काय? ते तर कंपनीच्या ताब्यातली वस्तू. तेव्हा आम्ही चौघे-पाचजण कंपनीच्या जीपमधून त्यांना गावी घेऊन गेलो. काकू गोठ्यातून ओल्या हातानं बाहेर आल्या. मी सावधानमध्ये उभी राहिले, आणि सगळे हसतील म्हणून मोठ्यानं सुरू केलं. “सुभेदार एक. पहाटे उठतात आणि दुसऱ्यांनाही उठवतात. रेडिओच्या बातम्या लागल्या की बोलायचं नाही. भाजीत मीठ कमी असलं तर सांगत नाहीत, नुसती मिशी पुसतात. गुडघा दुखतो, विचारलं तर नाही म्हणतात. जिना उतरताना कठडा धरला की दुखतोय असं समजायचं.”

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

“गुडघा कवापासनं दुखतोय?”

सुभेदार गोठ्याकडे बघू लागले. काकूंनी पदराला हात पुसले, एकेक बोट करून पुसले. “लगीन झालं आन म्हयन्यात पलटणीनं नेलं,” त्या मला म्हणाल्या, “तवा माज्याकडं कोण आलं न्हाई सांगाय. सुट्टीवर यायचं, तर दर येळंला येगळाच माणूस दारात. मीच वळखून घ्यायची, ह्यो काय खातोय, कशानं दचकतोय. मग तुमच्या कंपनीनं नेलं. आज पयल्यांदा कुणीतरी समदं सांगून हवाली करतंय बघ.” आणि सुभेदारांच्या हातातली पेटी काढून घेतली. “घेतला.”

“मला कुणी इचारलंच न्हाई,” सुभेदार पुटपुटले.

“म्हशीला बी कुणी इचारत न्हाई. चला आत.”

त्यानंतर अण्णांच्या दुकानात गेले की अण्णा आधी सुभेदारांची खुशाली विचारत, मग काट्याचं बोलत. गावाकडे जाताना मी सुभेदारांना भेटत असे, म्हणून सांगायला ताजं असे. एका उन्हाळ्यात सांगायला वेगळंच होतं. सुभेदार गेले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी काकूंना विहिरीच्या मोटारीची एक खोड सांगितली होती, आणि काकू भाकरी भाजत होत्या, त्यामुळे ‘घेतला’ म्हणायचं राहून गेलं, असं काकू मला परत परत सांगत राहिल्या. मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं आणि त्या दिवशी काट्याचा विषय काढला नाही. पण पुढच्या खेपेला परत त्यांनी आधी सुभेदारांचंच विचारलं. म्हणजे मागच्या आठवणी. आणि मग ती पद्धतच पडली.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मीही ती कंपनी सोडली. माझ्या जागी आलेला माणूस हुशार होता, कोल्हापूरकडचा. माझी ती एक ओळीची कमांड त्याला ठाऊक होती आणि ती देऊन तो मोकळा होणार होता. मी त्याला म्हणाले, थांबा, आधी सांगली. आम्ही दोघं पेठेत फिरलो, चहा वाटून घेतला. अण्णांच्या दाराशी आलो तेव्हा मी त्याला त्यांच्या नावापुढचा खोड्यांचा रकाना म्हणून दाखवला. ‘आधी नाही म्हणतात, मग हो. उजवीकडे बसावं. सुरुवातीला सुभेदारांचं विचारतात. घाई न करता सांगावं.’

“कोण सुभेदार?” तो म्हणाला. “मी तर त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही. सांगू काय?”

बरोबर होतं त्याचं. तेव्हा आम्ही आत गेलो नाही. अण्णांच्या पायरीवर, हळदीच्या धुळीत, मी त्याला बसवलं आणि हे सगळं, पंख्यापासून म्हशीपर्यंत, त्याला सांगितलं. आतून अण्णा दोनदा डोकावून गेले. सांगून झाल्यावर मी उठले नाही. तो काय म्हणतो याची वाट बघत राहिले.